चावडी : रतनवाडीचं पाणी कुठं जातं आणि कागद कुठं जातो

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की आता एकेक तालुका घेऊन तुमचे प्रश्न घेऊ, सुरुवात अकोल्यापासून. वाटलं होतं दहा-बारा पत्रं येतील, आली ढीगभर. निम्म्या लोकांना फक्त भंडारदऱ्याला कुठं राहायचं ते हवं होतं, ते सगळं बाजूला ठेवलंय, त्यासाठी मोबाईल आहेच. उरलेल्यातले काही प्रश्न इथं घेतलेत, लांबलेले थोडे कापलेत. मी महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो, म्हणून उत्तरात कागदांचा वास येणार, त्याला इलाज नाही.

काका, मामांना राजूरला मिक्सरचं भांडं कुरिअर केलं, पत्त्यात तालुका अकोला टाकला, तर ते गेलं विदर्भात. नऊ दिवस फिरून परत माझ्याच दारात. आपल्या तालुक्याचं खरं नाव काय, अकोला का अकोले?
(एक भाचा, हडपसर)

दोन्ही, आणि घोळ तिथंच आहे. लोक अकोले म्हणतात, बसच्या पाटीवर अकोले, विधानसभेच्या यादीत अकोले. पण जुन्या सरकारी कागदांत अकोला लिहायची पद्धत होती आणि २०११ च्या जनगणनेतसुद्धा हा तालुका अकोला म्हणूनच छापलाय. बोलताना कुणाला कळतच नाही कारण अकोले काय नि अकोला काय, आपण दोन्हीला 'अकोल्याला जातो', 'अकोल्यात राहतो' असंच म्हणतो, फरक फक्त नुसतं नाव लिहिताना दिसतो. माझ्या नोकरीत एकदा विदर्भातल्या अकोल्याच्या टपालाचा अख्खा गठ्ठा आमच्याकडे आला होता, तो आम्ही चार दिवस आवक रजिस्टरला चढवत बसलो, मग एकाच्या लक्षात आलं की यातलं एकही गाव आपलं नाही!

तुम्ही एवढंच करा, अकोले लिहा, जिल्हा अहिल्यानगर लिहा (२०२४ पासून तेच नाव, नगर लिहिलं तरी पोचतं) आणि पिनकोड नीट टाका. आपल्याकडचे पिन ४२२ ने सुरू होतात, अकोले गावाचा ४२२६०१, विदर्भातल्या अकोल्याचे ४४४ ने. कुरिअरवाला नाव वाचत नाही, आकडा वाचतो.

सर मी एमपीएससी करतोय. तालुक्यात सगळ्यात मोठा साहेब कोण, तहसीलदार की बीडीओ? आणि राजूरचे प्रकल्प अधिकारी यांच्या वर का खाली? क्लासमध्ये प्रत्येक जण वेगळं सांगतो.
(एक विद्यार्थी, संगमनेर)

वर-खाली हा प्रश्नच चुकीचा आहे बाळा, ह्या तीन वेगळ्या शिड्या आहेत आणि तिन्हींचे वरचे टोक वेगवेगळ्या भिंतींना टेकलेत. तहसीलदार महसुलाचे, त्यांच्या खाली मंडळ अधिकारी, त्यांच्या खाली तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून 'तलाठी भाऊसाहेब'च), वर संगमनेरचे प्रांत (म्हणजे उपविभागीय अधिकारी) आणि त्यांच्या वर कलेक्टर. बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी, ते पंचायत समितीचे, त्यांची शिडी जिल्हा परिषदेच्या सीईओंकडे जाते, आणि खाली ग्रामसेवक, ज्यांचंही नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय. नावं बदलली, टेबलं तीच. तिसरे राजूरचे प्रकल्प अधिकारी, हे आदिवासी विकास खात्याचे, त्यांची शिडी नाशिकच्या अपर आयुक्तांकडे, आश्रमशाळा, वसतिगृहं, शबरी घरकुल हे सगळं त्यांच्याकडे.

परीक्षेत एवढं लिहिलंस तर मार्क मिळतील. पण खरी गंमत माणसाच्या बाजूनं बघ. समज एक बाई रतनवाडीला राहते, रतनगडाच्या पायथ्याला, अमृतेश्वराच्या देवळाशेजारी. तिचा सातबारा अकोल्याच्या तहसीलला. अपील करायचं तर संगमनेरला प्रांताकडे. मुलगी आश्रमशाळेत, तिचं काम राजूरला. घरामागचं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, त्याचे मोठे साहेब नाशिकला. नवऱ्याच्या गाडीला नंबर पाहिजे तर एमएच-१७, म्हणजे श्रीरामपूर. खासदार शिर्डी मतदारसंघाचा, आमदार अकोल्याचा, कलेक्टर अहिल्यानगरला, शंभराहून किती तरी जास्त किलोमीटरवर. आणि खोकला झाला की ती यातल्या कुठंच जात नाही, घोटीला जाते, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात, कारण रस्ता तिकडंच सोपा आहे. हा कोल्हार-घोटी रस्ताच या तालुक्याचा कणा, प्रशासनाचा नकाशा काही का असेना.

म्हणून इंटरव्ह्यूत कुणी विचारलं की तालुक्याचा साहेब कोण, तर विचार, कशासाठी.

आम्ही दरवर्षी पावसाळ्यात भंडारदऱ्याला जातो, धो धो पाऊस, धरण भरून वाहतं. मग एप्रिलमध्ये त्याच भागात बायका हंडे घेऊन दरीत उतरताना टीव्हीवर दाखवतात ते खरं आहे का? एवढं पाणी जातं कुठं?
(एक वाचक, मुलुंड)

खरं आहे. आणि तुमचा प्रश्न ह्या तालुक्यातला सगळ्यात जुना प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढच्या प्रश्नावर जा.

आधी जमीन समजून घ्या. तालुका साधारण दीड हजार चौरस किलोमीटरचा. पश्चिमेला सह्याद्रीचा माथा, पलीकडं शहापूर नि मुरबाड. उत्तरेला इगतपुरी, सिन्नर. दक्षिणेला जुन्नर. पूर्वेला संगमनेर. पश्चिमेच्या भागाला लोक डांगाण म्हणतात, तिथं कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही, तिथंच हरिश्चंद्रगड १४२४ मीटर. घाटघर, रतनवाडीला एखाद्या वर्षी पाच हजार मिलिमीटर पाऊस ओलांडणं नवीन नाही. जुलैत पेपरमध्ये रोज तेच येतं, घाटघर, रतनवाडी, पांजरे, वाकी आणि पुढं आकडे, आम्ही लहान असताना ते क्रिकेटच्या स्कोअरसारखं वाचायचो. आणि तिथून पूर्वेला विठ्याचा घाट उतरून अकोल्यात आलात की पाऊस हजाराच्या बरंच आत, देवठाणकडं आणखी कमी. एकाच तालुक्यात माणूस सकाळी घोंगडी घेऊन निघतो आणि दुपारी घाम पुसतो.

आता डांगाणात पडलेलं पाणी तिथंच थांबत का नाही? खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर, उतार असा की बादली ओतली तर पाणी तुमच्या आधी खाली पोचेल. जमिनीत मुरायला सवडच नाही. चार महिन्यांत सगळं पाणी निघून जातं आणि डोंगरावरच्या वाड्या-पाड्यांतले झरे मार्चपर्यंत कसेबसे टिकतात. वाडी वर आणि धरण खाली, धरणाचं पाणी वर चढवायचं तर पंप पाहिजे, पंपाला वीज, विजेला बिल, आणि बिल कुणी भरायचं यावर ग्रामसभेत भांडण. योजना होते, उद्घाटन होतं, दोन वर्षांनी मोटर जळते.

पण हे निम्मं उत्तर. उरलेलं असं की ते धरण मुळात ह्या लोकांसाठी बांधलेलंच नव्हतं. इंग्रजांनी १९१० ला काम सुरू केलं आणि १९२६ ला पूर्ण केलं, गव्हर्नर विल्सनच्या नावानं विल्सन डॅम, पाण्याला आर्थर लेक, क्षमता ११ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). ते बांधलं खालच्या दुष्काळी पट्ट्यासाठी. पाणी प्रवरा नदीतून संगमनेरजवळच्या ओझरच्या बंधाऱ्याला जातं, तिथून डावा-उजवा कालवा निघतो, राहुरी, श्रीरामपूर, नेवाशापर्यंत. त्या पाण्यावर ऊस झाला, उसावर कारखाने झाले, प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० चा, राज्यातल्या सहकारातला पहिला, ही सगळी श्रीमंती रतनगडाच्या कुशीत पडलेल्या पावसाची आहे. मी कुणाला नावं ठेवत नाही, खालचाही शेतकरी राबलाय. पण भंडारदऱ्याच्या काठावरची पोरं उन्हाळ्यात ड्रम घेऊन टँकरची वाट बघतात तेव्हा समोर निळंशार पाणी दिसत असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते बघून माणसाला काय वाटतं ते लिहायला जागा पुरणार नाही.

मग निळवंडे. भंडारदऱ्याच्या खाली, त्याच प्रवरेवर, साधारण ८.३ टीएमसी. कल्पना १९७० ची, डाव्या कालव्याच्या ८५ किलोमीटरचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं ऑक्टोबर २०२३ मध्ये. मधल्या काळात कालवा होणार म्हणून वाट बघत दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. १८२ गावांना फायदा, त्यात अकोल्यातली थोडी, बाकी संगमनेर, राहाता, कोपरगाव, राहुरी आणि सिन्नरकडची.

आणि प्रवरा तिथंही थांबत नाही. ती प्रवरासंगमला गोदावरीला मिळते, तिथं जायकवाडीचं बॅकवॉटर. २००५ च्या कायद्यानं समन्यायी वाटप आलं, जायकवाडी १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, त्यात आमचं भंडारदरा-निळवंडेही. तेव्हा संगमनेरवाले रस्त्यावर येतात, मराठवाडावाले कोर्टात जातात. घाटघरच्या पाड्यावरची म्हातारी दोन्हीकडं नसते.

घाटघरला अजून एक प्रकार आहे, तिथलं पाणी रोज वर-खाली करतात. २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प, वरच्या तळ्यातून पाणी बोगद्यानं कोकणात चोंढ्याला सोडायचं, वीज करायची, रात्री स्वस्त विजेवर तेच पाणी परत वर खेचायचं. पाण्याला वर चढवता येतं, हे एवढं सिद्ध झालंय बघा.

शेंडीजवळ एक एकर बघितलीय, होमस्टे टाकायचा विचार आहे. एजंट म्हणतो मालक आदिवासी आहे पण 'आपण करून घेऊ', ९९ वर्षांचा करार करू, पैसे आत्ता निम्मे. करू का?
(एक वाचक, ठाणे)

नाही. थांबा. निम्मे पैसे दिले असतील तर आजच वकील गाठा.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला द्यायला जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आड येतं. विक्री असेल तर कलेक्टरची परवानगी, तीही राज्य सरकारची आधी मान्यता घेऊन. भाडेपट्टा किंवा गहाण पाच वर्षांच्या आत असेल तर कलेक्टर स्तरावर, त्याच्या पुढं गेलं की परत सरकार. गाव अनुसूचित क्षेत्रात असेल, आणि अकोल्यातली पश्चिमेची बरीच गावं आहेत, सगळा तालुका नाही हे लक्षात ठेवा, तर विक्रीसाठी ग्रामसभेची मान्यताही लागते. परवानगी नसताना झालेला व्यवहार टिकत नाही, जमीन मूळ मालकाकडं परत जाते आणि तुमचे पैसे एजंटाकडं राहतात. तुमच्या ९९ वर्षांच्या कराराची किंमत त्याला लावलेल्या स्टॅम्पपेपरएवढी.

सातबारा ऑनलाइन काढा, 'इतर अधिकार' हा रकाना वाचा, बहुतेक तिथं ३६ किंवा ३६-अ चा शेरा दिसेल. एजंट लोक सातबाऱ्याचा फोटो पाठवताना नेमका तो भाग कापून पाठवतात, माझ्याकडं अशी तीन पत्रं आलीत ह्याच महिन्यात. शिवाय तुम्ही स्वतः शेतकरी नसाल तर कूळ कायद्याचं कलम ६३ वेगळं आड येतं, मालक कुठल्याही जातीचा असो. आणि अभयारण्याच्या हद्दीजवळ बांधकाम म्हणजे वनखात्याचा अजून एक दरवाजा.

होमस्टेच करायचाय ना? मग गावातल्या माणसाच्या घराला दोन खोल्या जोडायला भांडवल द्या, त्याच्या नावानं चालवू द्या, तुम्ही मुंबईहून गिऱ्हाईक पाठवा. तांदळाची भाकर आणि पिठलं तो तुमच्यापेक्षा चांगलंच देईल.

आम्ही मुंबईचे कोळी, वरळीचे. अकोल्यात म्हणे सगळे कोळी आहेत. मग ते आमचेच का? तिथं समुद्र तर नाही.
(एक ताई, वरळी कोळीवाडा)

ताई, नाव एक, घरं वेगळी. तुम्ही सोनकोळी, दर्याचे. अकोल्यातले महादेव कोळी, डोंगराचे, जाळ्याशी संबंध आला तर ओढ्यातल्या मासळी-खेकड्यापुरता. सरकारी यादीतही फरक आहे, महादेव कोळी अनुसूचित जमातीत, मुंबईचे कोळी विशेष मागास प्रवर्गात, आणि ह्या एका शब्दावरून जात पडताळणीत किती भांडणं झालीत ते विचारू नका.

तालुक्याची लोकसंख्या २०११ ला २ लाख ९२ हजारांच्या आसपास, त्यातले जवळजवळ निम्मे आदिवासी. महादेव कोळी सगळ्यात जास्त, मग ठाकर. पूर्वेच्या सपाट भागात मराठा, माळी, वंजारी, धनगर, बागायत तिकडं, ऊस, टोमॅटो, कांदा, दूध, आणि अगस्ती साखर कारखानाही तिकडंच. डांगाणात भात, नागली, वरई, आणि जंगलातला हिरडा. हिरड्याचा सिझन आला की शाळेतली हजेरी कमी होते, पोरं आईबरोबर झाडाखाली, बाळहिरडा वाळवून विकला की घरात रोख पैसा येतो.

जनावरंही वेगळी, डांगी. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, अंगाला तेलकटपणा असतो त्यामुळं पाऊस कातडीवरून ओघळून जातो, दुसरी कुठली गाय तिथं आणून बांधली तर पहिल्याच आषाढात आजारी पडेल. राजूरला दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, एकदा बघाच, बैलाच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, आणि मालक असा उभा की जणू त्यालाच नंबर मिळणार आहे.

आणि माणसं विचाराल तर दोन नावं. राघोजी भांगरे, देवगावचे, सावकार आणि इंग्रज दोघांच्या विरोधात उठलेले, २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी. तुमच्या शेजारीच की ठाणे! दुसऱ्या राहीबाई पोपेरे, कोंभाळण्याच्या, शाळेत न गेलेल्या, गावठी बियाणं मडक्यात नि राखेत जपून ठेवलं, २०२० ला पद्मश्री जाहीर झाली. अधिकारी लोक आधी त्यांना सुधारित वाण समजावून सांगायचे, आता त्यांच्या घरी वाल नि भाताचं बी बघायला जातात.

काका, वडील वारले दीड वर्ष झालं. कोतूळला सव्वादोन एकर आहे. दादा म्हणतो हक्कसोडवर सही करून टाक, मग वारस नोंद पटकन होईल. तलाठीसाहेब पण तसंच म्हणाले म्हणे. मला भांडायचं नाही पण खरं काय ते सांगा.
(एक बहीण, डोंबिवली)

भांडू नका, पण सहीही लगेच करू नका. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात कुणीतरी. वारस नोंदीला हक्कसोड, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, लागत नाही. आधी सगळ्या वारसांची नावं लागतात, तुमचंही, आईचंही, नंतर ज्याला सोडायचंय त्यानं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून सोडावं, स्वखुशीनं. 'पटकन होईल' हे काही कारण नाही.

नोंदीची रीत सांगतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा नि ८-अ, आधार. अर्ज तलाठ्याकडं किंवा ई-हक्कवर ऑनलाइन. कायद्यानं वारसानं तीन महिन्यांत कळवायचं असतं, दीड वर्ष झालं म्हणून हक्क जात नाही, घाबरू नका. तलाठी फेरफार (म्हणजे हक्क बदलल्याची नोंद) धरतो, नोटीस निघते, १५ दिवस हरकतीला, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी मंजूर करतो. दादानं तुमचं नाव न सांगता फेरफार टाकला असेल तर ह्या १५ दिवसांतच लेखी हरकत द्या, एका ओळीची चालते, पोच घ्या. तुम्ही डोंबिवलीत, नोटीस कोतूळच्या चावडीवर, म्हणून महाभूलेखवर स्वतःच सातबारा बघत राहा.

२००५ च्या दुरुस्तीनं मुलीचा वाटा मुलाएवढाच. फक्त आदिवासी समाजातल्या असाल तर हिंदू वारसा कायदा थेट लागू होत नाही, कलम २(२), तिथं रूढी बघतात. पण जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या केसमध्ये मुलींच्या बाजूनं निकाल दिलाय, तो वकिलाला दाखवा.

आणि नोंद झाल्यावर नाव अक्षर-अक्षर तपासा. आमच्या आजोबांच्या नावातली एक वेलांटी कॉम्प्युटरवर चढवताना ऱ्हस्व-दीर्घ झाली, तेवढ्यावरून सोसायटीचं कर्ज अडलं, मी स्वतः त्याच खात्यात नोकरीला असून कलम १५५ चा दुरुस्तीचा अर्ज सात महिने एका टेबलावर पडून होता. टेबलावरचा माणूस मला रोज चहा पाजायचा, काम मात्र होईना. शेवटी वडिलांनी येऊन आवाज चढवला तेव्हा झालं, आणि मला घरी ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

आमचा वनहक्काचा दावा अपात्र ठरला. कागदावर फक्त 'पुरावा अपुरा' एवढंच लिहिलंय. वडील चाळीस वर्षं तो तुकडा कसत होते. आता काय?
(एक शेतकरी, पाचनईच्या बाजूचे)

दादा, पहिलं काम, तो निकालाचा कागद नीट ठेवा, त्यावरची तारीख महत्त्वाची. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडून उपविभागीय समितीकडं जातो, तिथून जिल्हा समितीकडं. उपविभागीय समितीनं नाकारला असेल तर जिल्हा समितीकडं ६० दिवसांत अपील करायचं.

कायदा २००६ चा, ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा हवा. तुम्ही अनुसूचित जमातीचे असाल तर तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागता येत नाही, तो इतर पारंपरिक वनवासींना लागतो, ही चूक खालच्या टेबलावर सर्रास होते. पुरावा म्हणजे फक्त कागद नाही. वनखात्यानं वडिलांवर पूर्वी केलेला अतिक्रमणाचा गुन्हा, दंडाची पावती, हा सगळ्यात भक्कम पुरावा, लोक लाजेनं लपवतात, लपवू नका. बांध, विहीर, जुनी आंब्याची झाडं, शेतातलं थडगं, गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब, सगळं चालतं. किमान दोन पुरावे जोडा. आणि 'अपुरा' एवढ्यावर दावा उडवता येत नाही, कारणं लिहून द्यावी लागतात, अपिलात हे पहिल्या ओळीत लिहा.

अभयारण्यात येतो म्हणून दावाच होत नाही असं कुणी म्हणालं तर तेही खोटं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड १९८६ ला अभयारण्य झालं, वनहक्क कायदा अभयारण्यालाही लागू आहे.

काजवे बघायला कधी यायचं?
(बरेच जण)

मे संपता-संपता ते पहिला जोरदार पाऊस होईपर्यंत. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर लागतात. वनखात्याच्या नाक्यावर वेळ आणि नियम विचारून घ्या. गाडीची लाईट बंद, मोबाईलची टॉर्च बंद, स्पीकर तर घरीच ठेवा. उजेडात काजव्याला जोडीदार सापडत नाही, आणि तुमच्या रीलमध्ये काळ्या चौकोनाशिवाय काही येत नाही.

जिल्हा विभागणार विभागणार ऐकत आम्ही रिटायर झालो. होणार का?
(एक ज्येष्ठ वाचक, राजूर)

१४ तालुके, १७ हजार चौरस किलोमीटर, राज्यात क्षेत्रफळानं सगळ्यात मोठा जिल्हा, विभागायला पाहिजे यावर कुणाचं दुमत नाही. दुमत मुख्यालयावर. संगमनेर, श्रीरामपूर, शिर्डी, प्रत्येकाचा दावा. २०२३ मध्ये शिर्डीला अपर जिल्हाधिकारी कार्यालय मंजूर झालं, त्यात अकोलेही जोडलंय, म्हणजे काही कामांसाठी अहिल्यानगरचा फेरा वाचतो. पण तुम्ही राजूरकर, तुमचं मत मला माहितीये, तुम्हाला यातलं काहीच नको, तुम्हाला नाशिक जवळ पडतं.